धुळीचा डिटेक्टिव्ह

ब्राउझरची हिस्ट्री उडवली, चॅट डिलीट केलं, फेक अकाउंट बंद केलं. झालं, विषय संपला! असंच वाटतं ना तुम्हाला? मग आज एका अशा माणसाला भेटा, ज्याला हे ऐकून नक्की हसू आलं असतं. गंमत म्हणजे या माणसाच्या हयातीत इंटरनेट नव्हतं, पर्सनल कॉम्प्युटर नव्हता, मोबाइलचा तर प्रश्नच नाही. १९६६ मध्ये तो गेला. तरीही सायबर फॉरेन्सिकच्या कोर्सला जाऊन बघा, अगदी सुरुवातीच्या लेक्चर्समध्येच त्याचं नाव कानावर पडेल.

एडमाँ लोकार. इंग्रजी पुस्तकांमुळे आपल्याकडे त्याला ‘लोकार्ड’ म्हणतात, पण माणूस फ्रेंच, त्यामुळे शेवटचा ‘ड’ गिळायचा. दोन वस्तूंचा एकमेकींना स्पर्श झाला की दोघींमध्ये काहीतरी देवाणघेवाण होतेच, हा त्याचा सिद्धांत. गुन्हेगार घटनास्थळी काहीतरी सोडून जातो आणि तिथलं काहीतरी सोबत घेऊन जातो. आज हॅकरनं सर्व्हरमध्ये सोडलेली लॉगची नोंद शोधतानाही तपास अधिकारी याच वाटेनं जातात.

पण लोकारची गोष्ट फक्त ‘माग राहतोच’ एवढीच असती, तर ती एका ओळीत संपली असती. त्यानं आयुष्यभर धडपड केली ती पुढच्या प्रश्नासाठी. माग सापडला, पण त्यावर विश्वास कधी ठेवायचा?

डॉक्टर, वर वकीलही

लोकारचा जन्म १३ डिसेंबर १८७७चा. गाव साँ-शामाँ, फ्रान्समधल्या लिऑन शहराजवळचं. लिऑनलाच त्यानं मेडिकल केलं. तिथे न्यायवैद्यक शिकवायला अलेक्झांद्र लाकासान्य हे मोठे प्राध्यापक होते. मृतदेह काय सांगतो हे वाचण्यात त्यांचा हातखंडा. लोकार त्यांच्या हाताखाली तयार झाला. १९०२ मध्ये डॉक्टर झाला आणि तेवढ्यावर न थांबता पुढे कायदाही शिकला. आजच्या भाषेत सांगायचं तर पोरानं डबल डिग्री केली, आणि दोन्ही वापरल्या.

त्या काळी पोलिसांचा तपास चालायचा कशावर? साक्षीदार, खबरे आणि कबुलीजबाब. आता साक्षीदार चुकतो, खबऱ्या पैशासाठी काहीही सांगतो आणि कबुलीजबाब मारूनमुटकूनही घेता येतो. लोकारला वाटायचं, वस्तूंना बोलतं करावं. या बाबतीत त्याला एक काल्पनिक माणूस फार आवडायचा, शेरलॉक होम्स. होम्सच्या गोष्टी वाचा, असं तो पुढे आपल्या विद्यार्थ्यांनाही सांगायचा. तुमचे प्राध्यापक असं सांगतात का कधी?

शिकण्यासाठी तो पॅरिसला आल्फाँस बर्तियाँकडेही गेला. गुन्हेगारांच्या शरीराची मापं घेऊन त्यांची ओळख पटवण्याची पद्धत या बर्तियाँची. नाव मोठं, दबदबाही मोठा. पण याच बर्तियाँच्या हातून एक भयंकर चूक झाली होती. १८९४ मध्ये फ्रेंच लष्करातल्या आल्फ्रेड ड्रेफस या कॅप्टनवर हेरगिरीचा आरोप आला. पुरावा म्हणून होतं एक हस्तलिखित. बर्तियाँ हस्ताक्षरतज्ज्ञ नव्हता, तरी हे अक्षर ड्रेफसचंच, असं त्यानं ठासून सांगितलं. निरपराध ड्रेफसची रवानगी डेव्हिल्स आयलंडवरच्या तुरुंगात झाली. त्याच्यावरचा डाग पुसला जायला १९०६ उजाडावं लागलं.

म्हणजे लोकारच्या पिढीसमोर हे उदाहरण ताजं होतं. कागद खरा असतो, अक्षरही खरं असतं, पण वाचणारा चुकला की माणूस आयुष्यातून उठतो.

माळ्यावरच्या दोन खोल्या

१९१० मध्ये लोकारनं लिऑन पोलिसांना एकदाचं पटवलं. काय मिळालं? न्यायालयाच्या इमारतीत माळ्यावरच्या दोन खोल्या आणि दोन सहायक. उपकरणं म्हणाल तर एक मायक्रोस्कोप आणि एक साधा स्पेक्ट्रोस्कोप. फंड नाही, उद्घाटन नाही, फ्लेक्स तर नाहीच नाही. जगातली पहिली पोलिस फॉरेन्सिक लॅब म्हणून आज तिचंच नाव घेतलं जातं.

सुरुवातीच्या काळातली एक केस बनावट नाण्यांची होती. तीन संशयित होते, पण हाती ठोस काही नव्हतं. लोकारनं त्यांचे कपडे मागवले. खिशांतली धूळ चिमट्यानं वेचली, बाह्या पांढऱ्या कागदावर झटकल्या आणि जे पडलं ते तपासलं. त्यात अँटिमनी, कथील आणि शिसं सापडलं. बनावट नाण्यांमध्येही हेच धातू होते. कपडे धुण्याआधी कुणी खिशात हात घालून बघत नाही, त्याचा असा फायदा!

घड्याळ पुढे केलं

१९१२ची केस मात्र लोकारला खरी ओळख देऊन गेली. लिऑनमध्ये एका तरुणीचा गळा आवळून खून झाला. संशय तिच्या मित्रावर, एमिल गुर्बँ या बँकेतल्या क्लार्कवर. पण गुर्बँ निवांत होता. त्या रात्री तो गावाबाहेर मित्रांच्या घरी पत्ते खेळत होता आणि रात्री एकपर्यंत डाव चालला होता, असं मित्रांनी छातीठोकपणे सांगितलं. मृत्यू मध्यरात्रीच्या आधीचा. म्हणजे गुर्बँ सुटला?

लोकारनं आधी मृतदेह पाहिला. गळ्यावर आवळल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. मग तो गुर्बँकडे गेला आणि त्याच्या नखांखालचा मळ खरवडून घेतला. मायक्रोस्कोपखाली त्वचेचे कण दिसले. आता डीएनए टेस्ट त्या काळात नव्हती, त्यामुळे त्वचा कुणाची हे सांगणं अशक्य. पण त्या कणांवर गुलाबी पावडर होती. तांदळाचा स्टार्च, मॅग्नेशियम स्टिअरेट, झिंक ऑक्साइड आणि लोहाचा लाल रंग. ही चेहऱ्याला लावायची पावडर! तेव्हा मेकअप आजच्यासारखा कारखान्यातून हजारोंनी निघत नव्हता. तपासात कळलं की लिऑनमधला एक औषधविक्रेता त्या मुलीसाठी खास ही पावडर बनवून देत असे.

गुर्बँनं गुन्हा कबूल केला. आणि मित्र? ते खोटं बोलतच नव्हते. गुर्बँनं त्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ पुढे करून ठेवलं होतं. मित्रांनी जे बघितलं तेच सांगितलं, फक्त घड्याळ खोटं होतं.

आता हीच गोष्ट लॅपटॉपवर आणा. सेटिंग्जमध्ये जाऊन तारीख-वेळ बदलणं कुणालाही जमतं. बदललेल्या वेळेत फाइल सेव्ह केली की फाइलवर खोटी वेळ पडते. म्हणून डिजिटल तपासात पहिल्या काही कामांतलं एक काम असतं जप्त केलेल्या मशीनचं घड्याळ खऱ्या वेळेशी ताडून बघणं आणि फरक लिहून ठेवणं. मग तीच घटना ईमेलच्या सर्व्हरवर, राउटरवर, मोबाइल कंपनीच्या नोंदीत किती वाजता दिसते ते बघतात. घरातलं एक घड्याळ पुढे करता येतं, जगातली सगळी नाही.

आणि गुलाबी पावडर? ती फाइलच्या आत असते. अमेरिकेतल्या विचिटा शहरात एका सीरियल किलरनं पोलिसांना अनेक वर्षं हुलकावणी दिली. २००५ मध्ये त्यानं एका टीव्ही चॅनलला फ्लॉपी पाठवली. तपासणाऱ्यांना त्या फ्लॉपीवर एक डिलीट केलेली वर्ड फाइल मिळाली. फाइलच्या मेटाडेटात एका चर्चचं नाव होतं आणि शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव होतं डेनिस. चर्चच्या पदाधिकाऱ्यांत डेनिस रेडर हे नाव सापडायला वेळ लागला नाही. काही दिवसांत तो गजाआड होता. नखाखालची पावडर त्यालाही दिसली नव्हती.

कावळ्याची पत्रं

ट्रोलिंग ही सोशल मीडियाची देणगी आहे, असं वाटतं? मग फ्रान्समधल्या त्यूल या गावात चला. १९१७ पासून तिथे निनावी पत्रं येऊ लागली. एक-दोन नाही, शंभरच्या वर. कुणाचं कुणाशी लफडं आहे, कुणाच्या घरात काय शिजतंय, सगळं त्यात. पत्रं दारात पडायची, चर्चमध्ये सापडायची. पहिलं महायुद्ध चालू, कितीतरी पुरुष आघाडीवर, मागे राहिलेल्यांची झोप उडालेली. शेजारी शेजाऱ्याकडे संशयानं बघू लागला. एका सरकारी कारकुनाच्या तर डोक्यावर परिणाम झाला आणि त्यातच त्याचा अंत झाला.

१९२२ मध्ये लोकारला बोलावलं गेलं. पत्रं मुद्दाम कॅपिटल अक्षरांत लिहिलेली, म्हणजे रोजचं हस्ताक्षर ओळखू येऊ नये हा डाव. लोकारनं संशयित महिलांना एकत्र बसवून मजकूर सांगितला आणि लिहायला लावलं. त्यातल्या एकीनं, जी पूर्वी सरकारी कचेरीत कामाला होती, पहिल्याच ओळीला कितीतरी वेळ लावला. लोकारनं घाई केली नाही. तिला लिहायला लावलं, पुन्हा लिहायला लावलं, पानामागून पानं. एखादं पान कुणीही वेगळ्या अक्षरात लिहील. पण हात दमला की सवय डोकं वर काढते. तिचंही तसंच झालं.

फेक अकाउंटचं वेगळं काय असतं? नाव बदलता येतं, फोटो बदलता येतो. पण ऑनलाइन येण्याची ठरावीक वेळ, नेहमी चुकणारा तोच शब्द, तोच फोन, तेच वायफाय हे शे-दीडशे पोस्टमध्ये कुठे ना कुठे उघडं पडतं.

त्यूलची गोष्ट मात्र इथे टाळ्या वाजवून संपत नाही. निकालाआधीच त्या बाईनं आणि तिच्या आईनं तळ्यात जीव द्यायचा प्रयत्न केला. ती वाचली, आई बुडाली. कोर्टानं तिला दोषी ठरवून महिनाभराची, तीही स्थगित, कैद आणि दंड सुनावला. पुढे या प्रकरणावरून प्रेरणा घेऊन १९४३ मध्ये ‘ल कोर्बो’, म्हणजे ‘कावळा’, हा सिनेमा आला. निनावी पत्रं लिहिणाऱ्याला फ्रेंच लोक आजही कावळाच म्हणतात.

किती जुळलं म्हणजे जुळलं?

लोकारचं मला सगळ्यात जास्त पटलेलं काम यापेक्षा साधं आहे. बोटांचे ठसे जुळले, असं म्हणायचं तर किती खुणा जुळायला हव्यात? त्यानं १९१४च्या सुमारास नियम मांडला. ठसा स्पष्ट असेल आणि बारापेक्षा जास्त खुणा जुळत असतील, तर ओळख पक्की. आठ ते बारा जुळल्या तर ठसा किती स्पष्ट आहे, खुणा किती दुर्मीळ आहेत, जाणकारांचं एकमत होतं का, हे बघायचं. त्याहून कमी असतील तर खात्रीनं बोलायचं नाही, फक्त शक्यता सांगायची.

तज्ज्ञ माणसानं ‘मला खात्री नाही’ म्हणायची सोय स्वतःच्याच नियमात करून ठेवली! ड्रेफसच्या वेळी बर्तियाँला एवढंच जमलं नव्हतं.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल, तर पुण्यात या. २००७ मध्ये ऑर्कुटवर शिवाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर टाकला गेला. पुणे पोलिसांनी तपास सुरू केला, आयपी ॲड्रेस मिळवला, तो कुणाचा हे इंटरनेट कंपनीला विचारलं. उत्तर आलं आणि बंगळुरूच्या एका तरुण आयटी इंजिनीअरला अटक झाली. पन्नास दिवस तो येरवड्यात होता. नंतर उघड झालं की तो आयपी ॲड्रेस त्याचा नव्हताच, कंपनीनं दिलेली माहिती चुकीची होती.

इथे माग खोटा नव्हता. ऑर्कुटच्या सर्व्हरवर आकडा खराच उमटला होता. पण आयपी ॲड्रेस म्हणजे माणूस नव्हे. तो एका विशिष्ट क्षणी एका कनेक्शनला दिलेला नंबर असतो. तोच नंबर तासाभरानं दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. जागतिक वेळ आणि भारतीय वेळ यात साडेपाच तासांचा फरक आहे. तो हिशेबात धरला नाही तर भलत्याच घराचं दार वाजतं. आणि कनेक्शन बरोबर सापडलं, तरी त्या क्षणी कीबोर्डवर कोण बसलं होतं हे वेगळं सिद्ध करावं लागतं. लोकारच्या नियमात बसवायचं तर नुसता आयपी ॲड्रेस म्हणजे बारापैकी एक खूण.

हातात आलेला पुरावा

समजा माग बरोबर सापडला, बरोबर वाचला. तरी एक टप्पा उरतो. लोकारच्या मायक्रोस्कोपखालची धूळ त्याच कोटाची आहे, मध्ये कुणी हात मारलेला नाही, हे कोर्टाला पटायला हवं. डिजिटल पुराव्यात हा टप्पा सगळ्यात अवघड, कारण फोन नुसता चालू केला तरी आत शेकडो बारीक बदल होतात.

म्हणून जाणकार तपासनीस जप्त केलेल्या डिस्कवर थेट काम करत नाही. राइट ब्लॉकर नावाचं उपकरण मध्ये लावतो, त्यामुळे डिस्क वाचता येते पण तिच्यावर काही लिहिलं जात नाही. मग बिट-बाय-बिट कॉपी काढतो आणि तिची हॅश व्हॅल्यू घेतो. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच. एसएचए-२५६ पद्धतीनं काढली तर ६४ अक्षर-अंकांची ओळ मिळते. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी पूर्ण ओळ बदलते. जप्तीच्या दिवशीची हॅश आणि कोर्टातली हॅश एकच असेल, तर मुद्देमालाला कुणी हात लावलेला नाही हे दाखवता येतं.

आपल्याकडे हा धडा जालन्यातून देशभर गेला. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी जिंकले आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. मुद्दा पुन्हा घड्याळाचाच! उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला होता की नाही? निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या सीडी होत्या, पण त्यासोबत कायद्यानं मागितलेलं प्रमाणपत्र, मागूनही मिळालं नव्हतं. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खोतकरांचं अपील फेटाळताना नियम स्पष्ट केला. मूळ उपकरण कोर्टात आणलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र हवंच. संबंधित अधिकारी देत नसतील, तर कोर्टाकडून आदेश मागावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात तर हॅश व्हॅल्यूचा रकानाच आहे.

तुमच्या हातातली धूळ

लोकार सुमारे चाळीस वर्षं लिऑनच्या लॅबमध्ये होता. १९३१ ते १९३५ या काळात त्यानं गुन्हे तपासशास्त्रावर सात खंड लिहिले. फावल्या वेळात पोस्टाची तिकिटं जमवायची आणि तीही इतकी मन लावून की त्यावरही पुस्तक लिहिलं. वयाच्या ८८व्या वर्षी तो गेला. दोन खोल्यांचं रोपटं मात्र जगभर पसरलं. आपल्याकडे मुंबईत कलिन्याला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत डिजिटल आणि सायबर फॉरेन्सिक शिकताही येतं. सायन्सवाल्यांनो, आयटीवाल्यांनो, करिअर म्हणून जरूर बघा.

आणि बाकीच्यांनी? एक लक्षात ठेवा. डिलीट केलेली फाइल बऱ्याचदा लगेच पुसली जात नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. पण नव्या फोनमध्ये आणि एसएसडीमध्ये ती खरोखर नाहीशीही होते. सर्व्हरवरचे लॉगही ठरावीक मुदतीनंतर जातात. माग राहतो हे खरं, पण तो तुमची वाट बघत थांबत नाही.

त्यामुळे कुणी धमकावलं, फोटो मॉर्फ करून टाकले, खात्यातून पैसे गेले, तर घाबरून किंवा लाजेनं चॅट डिलीट करू नका, फोन फॅक्टरी रीसेट करू नका, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी त्याचं प्रोफाइल, लिंक, तारीख, वेळ आणि ट्रान्झॅक्शन नंबर लिहून घ्या. स्क्रीनशॉट काढा, पण तेवढ्यावर विसंबू नका, कारण स्क्रीनशॉट एडिट करता येतो. मूळ मेसेज मूळ फोनमध्ये राहू द्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात द्या. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा तरी नंबर ‘हाच तो’ म्हणून फिरत आला, तर फॉरवर्ड करण्याआधी येरवड्यातले ते पन्नास दिवस आठवा.